हक्काची तारीख

अमेरिकेत लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकास सरकारकडून दरमहा भरपाई मिळते. ती किती, याची चर्चा पुष्कळ होते. ती कोणत्या तारखेपासून, याची मात्र फारशी होत नाही. आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तेथील कायद्यानुसार सेवामुक्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केल्यास भरपाई सेवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात; वर्ष उलटल्यावर सामान्यतः अर्ज पोहोचल्याच्या तारखेपासून. १९८१ साली नौदल सोडलेल्या एका खलाशाने २०११ साली अर्ज केला. मानसिक व्याधीमुळेच आपणास तो वेळेवर करता आला नाही, असे त्याचे म्हणणे होते. तथापि जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, अशा कारणास्तव ही मुदत वाढविता येत नाही. व्याधी सेवेतील, हे सरकारास मान्य; पण मागील तीस वर्षांची भरपाई बुडाली ती बुडालीच!

अर्जाचा निकाल प्रतिकूल लागल्यासही तारखेचे भान हवेच. २०१९ पासून तेथे तीन मार्ग खुले आहेत: नव्या पुराव्यासह पुरवणी अर्ज, जुन्याच कागदांवर वरिष्ठांकडून फेरतपासणी, अथवा अपील मंडळाकडे दाद. निर्णयापासून एका वर्षात यांपैकी एक मार्ग धरला व पुढेही मुदती पाळल्या, तर मूळ अर्जाची तारीख कायम राहते. वर्ष दवडल्यास पुढील अर्जास सामान्यतः नवीच तारीख लागते.

मुदत असूच नये, असे आम्ही म्हणत नाही. उधारीचा दावा तीन वर्षांत न केल्यास तो मुदतबाह्य होतो, हे आमचे व्यापारी वाचक जाणतातच. परंतु व्यापाऱ्याची वही त्याच्यापाशी असते आणि बुद्धीही शाबूत असते. ज्याची बुद्धीच सेवेत खचली, त्यास सावधपणाची अट घालणे हा न्याय नव्हे. न्यायालयाने कायदा वाचला. तो सुधारण्याचे काम विधिमंडळाचे आहे.

आमच्या देशातही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. १९८३ साली अपंगत्वामुळे सेवेतून काढलेला एक सैनिक १९९९ साली न्यायालयात गेला; २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची थकबाकी दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. सैनिकास निरोप देतानाच सरकारने त्याचा अर्ज भरून घ्यावा व अपिलाची मुदत त्याच्या मातृभाषेत लिहून द्यावी. तोवर प्रत्येक साक्षर गृहस्थाने शेजारच्या माजी सैनिकास त्याच्या निर्णयपत्रावरील तारीख वाचून दाखवावी. एवढ्याने एखाद्या घरची अनेक वर्षांची भाकरी वाचेल.