सॅलरी कॅप वाढली की छोट्या गावांच्या संघांना घाम का फुटतो? परळीच्या पोराने हे का समजून घ्यावं?

फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. १९ वर्षांखालील वर्ल्ड कपची सेमी फायनल. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२. तिथून बीडच्या सचिन धसने ९६ धावा ठोकल्या आणि भारत फायनलमध्ये गेला. त्या रात्री बीडपासून परळी वैजनाथपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला एकच फोटो होता.

पण महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे एमपीएलमध्ये, हाच सचिन कोल्हापूर टस्कर्सकडून खेळला. कारण साधं आहे. बीडचा संघच नाही.

मग कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "आपल्या बीडचा संघ का नाही?" आणि खाली कुणीतरी हमखास उत्तर देतं, "खेळाडूंचे पगार परवडायला नकोत का?"

हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर सॅलरी कॅप म्हणजे काय, ती वाढते तेव्हा काय होतं आणि बिल कुणाच्या नावावर फाटतं, हे बघावं लागेल.

सॅलरी कॅप म्हणजे नेमकं काय?

सॅलरी कॅप म्हणजे एका संघाने खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, याची लीगने आखलेली रेषा. आपल्याकडे लिलावाच्या बातम्यांमध्ये हिलाच 'पर्स' म्हणतात.

प्रो कबड्डीचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये पहिल्या लिलावात प्रत्येक संघाकडे ६० लाखांची पर्स होती. राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना पाटणा पायरेट्सकडे गेला आणि तो सर्वांत महागडा खेळाडू ठरला. २०१८ पर्यंत पर्स ४ कोटींवर गेली, पुढे ४ कोटी ४० लाख झाली आणि २०२३ च्या लिलावात ५ कोटी.

मर्यादा कशासाठी? ती नसेल तर मुंबई-दिल्लीचा मालक पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू उचलेल. बाकीचे संघ नुसते हरायला येतील आणि सामना सुरू होण्याआधीच निकाल माहीत असेल तर लोक तो बघणार नाहीत. म्हणजे ही मर्यादा खरं तर छोट्या संघांना वाचवण्यासाठी आहे.

मग ती काम करते का? हो, करते

मोहम्मदरेझा शादलूची गोष्ट बघा. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने या इराणी खेळाडूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुणे चॅम्पियन झालं.

पुढच्या हंगामाआधी पुण्याने अस्लम इनामदार, मोहित गोयत यांना ठेवलं आणि शादलूला मोकळं केलं. लिलावात त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं हरियाणाने, म्हणजे फायनल हरलेल्या त्याच संघाने. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रॉफी हरियाणाकडे गेली. तीही पुण्यातच, बालेवाडीत.

पर्सची मर्यादा असली की विजेत्यालाही सगळं पदरात बांधून ठेवता येत नाही. म्हणूनच प्रो कबड्डीच्या पहिल्या १२ हंगामांत ८ वेगवेगळे संघ चॅम्पियन झाले. आणि सलग तीनदा ट्रॉफी नेण्याचा पराक्रम एकाच संघाने केलाय. तो मुंबईचा नाही, दिल्लीचाही नाही, पाटण्याचा आहे.

एमपीएलमध्येही तेच दिसलं. २०२३ च्या पहिल्या लिलावात सहाही संघांना सारखीच २० लाखांची पर्स होती. सर्वांत मोठी बोली नौशाद शेखवर लागली, ६ लाखांची. आणि पहिल्या दोन हंगामांत चॅम्पियन कोण? रत्नागिरी जेट्स. पुणे नाही, नाशिक नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण मर्यादा असण्यात नाही. ती कशाच्या आधारावर वाढते आणि वाढीव पैसा कुणाच्या खिशातून जातो, यात आहे.

हे सर्वांत स्पष्ट दिसतं उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये. तिथे लीगच्या हॉकीतून होणाऱ्या एकूण कमाईतला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा असतो. कमाई वाढली की कॅप वाढते. ऐकायला अगदी न्याय्य.

पण तिथे फक्त कमाल मर्यादा नाही, किमान मर्यादाही आहे. म्हणजे अमुक एका रकमेपेक्षा कमी पगार संघाला देताच येत नाहीत. मालकाने स्वस्तात संघ उभा करून नुसता नफा कमावू नये, हा त्यामागचा हेतू. आणि वरची रेषा सरकली की खालचीही सरकते.

आता आकडे बघा. २०२३-२४ मध्ये कमाल मर्यादा होती ८ कोटी ३५ लाख डॉलर. जानेवारी २०२५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने पुढच्या तीन हंगामांचे आकडे जाहीर केले. २०२५-२६ साठी कमाल ९ कोटी ५५ लाख, २०२७-२८ साठी थेट ११ कोटी ३५ लाख डॉलर. त्याच २०२७-२८ ची किमान मर्यादा आहे ८ कोटी ३९ लाख.

परत वाचा. चार वर्षांपूर्वी सर्वांत श्रीमंत संघाला जास्तीत जास्त जेवढं खर्च करता येत होतं, त्याहून जास्त आता सर्वांत गरीब संघाला कमीत कमी खर्च करावं लागणार आहे.

लीगची कमाई वाढते ती मुख्यतः न्यूयॉर्क, टोरंटोसारख्या मोठ्या बाजारांमुळे. पण खर्चाची पायरी चढावी लागते सगळ्यांना. कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहराची अडचण तर दुहेरी आहे. तिकिटं विकायची कॅनडियन डॉलरमध्ये आणि पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. १९९६ मध्ये विनिपेगचा जुना संघ उठून फिनिक्सला गेला. त्याच्या आदल्या वर्षी क्वेबेकचा संघ डेन्व्हरला गेला होता. तेव्हा तर कॅपच नव्हती, ती आली २००५ मध्ये. विनिपेगला पुन्हा संघ मिळायला २०११ उजाडलं.

विनिपेगहून फिनिक्सला गेलेल्या त्या संघाचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. किमान मर्यादा गाठण्यासाठी त्यांनी ख्रिस प्राँगर, पावेल डॅटसुक अशा लीगमध्ये आता खेळतच नसलेल्या खेळाडूंचे करार दुसऱ्या संघांकडून घेतले. कागदावर पगार वाढला, बर्फावर कुणीच उतरलं नाही. शेवटी २०२४ मध्ये तो संघ अॅरिझोनातूनही उठला आणि युटाला गेला.

लीगने यावर उपाय ठेवलाय, तो म्हणजे कमाईची वाटणी. श्रीमंत संघांचा काही पैसा कमी कमाईच्या संघांकडे वळवला जातो. ही वाटणी खर्चाच्या वेगाने वाढली नाही, तर छोट्या शहराच्या मालकाच्या डोक्यात सामान बांधायचे विचार सुरू होतात.

आपल्याकडे याचा काय संबंध?

एमपीएलचा हिशोब मांडून बघू. पहिल्या तीन वर्षांसाठी सहा फ्रँचायझी विकून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला ५७ कोटी ८० लाख रुपये मिळाले. त्यात एकट्या पुण्याची बोली १४ कोटी ८० लाखांची. उरलेल्या पाच संघांची सरासरी निघते ८ कोटी ६० लाख.

म्हणजे वर्षाला पुण्याच्या मालकाची फी सुमारे ४ कोटी ९३ लाख आणि बाकीच्यांची सरासरी सुमारे २ कोटी ८७ लाख. खेळाडूंची पर्स मात्र सगळ्यांना सारखीच, २० लाख. पुण्यासाठी ही पर्स फीच्या ४ टक्के. बाकीच्यांसाठी ७ टक्के.

यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली, "खेळाडूंचे पगार परवडत नाहीत" हे कारण निदान या लीगमध्ये टिकत नाही. सर्वांत मोठा खर्च फ्रँचायझीच्या फीचा आहे.

दुसरी, उद्या पर्स दुप्पट झाली तर पुण्याचा भार ४ वरून ८ टक्क्यांवर जाईल आणि छोट्या संघांचा ७ वरून १४ वर. वाढ सगळ्यांना सारखी, पण बोजा सारखा नाही. ज्या शहराच्या नावाला प्रायोजक कमी भाव देतात, तिथे वाढीव प्रत्येक रुपया जास्त टोचतो.

त्यात एमपीएलचे सामने होतात गहुंज्याला. सोलापूर असो की रत्नागिरी, आपल्या गावात, आपल्या प्रेक्षकांना तिकीट विकायची सोयच नाही. परळीच्या पोराला स्टेडियममध्ये बसून सामना बघायचा तर तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. गावाचं नाव जर्सीवर असतं, पण गाव त्या संघाचं गिऱ्हाईक होऊ शकत नाही.

परिणाम? पहिल्या हंगामातला सोलापूर रॉयल्स दुसऱ्या हंगामात दिसला नाही, त्याऐवजी रायगड रॉयल्स आला. २०२५ च्या सहा संघांमध्ये मराठवाड्याचा छत्रपती संभाजी किंग्जही नव्हता, सातारा वॉरियर्स होता. मैदानात रत्नागिरीने पुण्याला मागे टाकलं. पण मैदानाबाहेर दोन वर्षांत नकाशावरून दोन शहरं गेली.

हॉकी इंडिया लीगचंही तसंच. २०१३ ते २०१७ च्या पहिल्या पर्वात मुंबईचा संघ होता. २०२४-२५ मध्ये पुरुषांच्या संघांना ४ कोटी आणि महिलांच्या संघांना २ कोटींची पर्स देऊन लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. आणि एका हंगामानंतर यूपी रुद्राजने आर्थिक कारण देत माघारही घेतली.

म्हणजे पर्स वाढूच नये?

नाही, असा अर्थ काढला तर खेळाडूंवर अन्याय होईल. कबड्डीपटूची कारकीर्द छोटी असते, एक गुडघा गेला की संपली. पर्स वाढली म्हणूनच चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले.

पण वाढलेला पैसा जातो कुणाकडे, हेही बघायला हवं. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. ५ कोटींच्या पर्समधला निम्म्याहून जास्त पैसा एका खेळाडूवर. त्याच लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत होती ९ लाख. टायटन्स त्या हंगामात शेवटच्या क्रमांकावर राहिले.

म्हणून पर्स वाढवताना तीन गोष्टी सोबत याव्या लागतात. लीगच्या टीव्ही आणि प्रायोजकांच्या पैशातून संघांना मिळणारा वाटा त्याच प्रमाणात वाढायला हवा. थोडे तरी सामने संघाच्या स्वतःच्या जिल्ह्यात व्हायला हवेत. आणि वाढीचा काही भाग सर्वांत खालच्या गटातल्या खेळाडूंसाठी राखून ठेवायला हवा, कारण परळी, माजलगाव, अंबाजोगाईची पोरं लीगमध्ये शिरतात ती त्याच दारातून.

बीड जिल्ह्याचा संघ उद्या निघालाच, तर पहिल्या लिलावात पैसे कमी पडणार नाहीत, हौशी मालक मिळेलही. कस लागेल तिसऱ्या वर्षी, जेव्हा फी भरायची वेळ येईल, पर्स वाढलेली असेल आणि सामने अजूनही गहुंज्यालाच असतील. त्यामुळे पुढच्या लिलावाची रील समोर आली की कोण किती कोटींना गेला एवढंच बघून थांबू नका. पर्स किती वाढली आणि लीगने संघांना दिलेला वाटा किती वाढला, हे दोन आकडेही शोधा. दुसरा आकडा सापडलाच नाही, तर पुढच्या हंगामात कुठल्या गावाचं नाव गायब होऊ शकतं, याचा अंदाज तुम्हालाही बांधता येईल.