पन्नासाचे पंचावन्न



मागच्या दिवाळी अंकात याच सदरात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की ५२व्या वर्षी वजनं उचलायला लागले आणि तीन महिन्यांत कुठल्या कुठे पोचले. ते वाचून तुमच्यापैकी काहींनी जिमची मेंबरशिप घेतली. आता तीच मंडळी कार्यक्रमात भेटली की जरा रागानेच विचारतात, "सुरुवातीला छान वाढलं, आता गाडी अडलीय. पैसे फुकट गेले का?"

आधी माझी कबुली. उभं राहून बार डोक्यावर ढकलायचा, त्या ओव्हरहेड प्रेसमध्ये मी फेब्रुवारीपासून ५० पौंडांवर आहे. लेक म्हणतो, "आई, हा प्लॅटो आहे." मी म्हटलं, साताऱ्याची आहे मी, पठाराला घाबरत नाही. पण मनातून खट्टू झालेच होते. म्हणून जरा खोलात शिरले.

पहिल्या दोन महिन्यांत ताकद भराभर वाढते, ती मुख्यतः नव्या स्नायूंमुळे नव्हे. आहेत तेच स्नायू एकजुटीने कसे वापरायचे, हे मेंदू आणि मज्जासंस्था शिकत असतात. सायकल शिकण्यासारखंच. ते शिकून झालं की पुढची वाढ खऱ्या स्नायूची, आणि तिचा हिशेब आठवड्यांचा नसतो, महिन्यांचा असतो.

दुसरं कारण साध्या गणिताचं. जिममधली सर्वांत छोटी चकती बहुधा अडीच पौंडांची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की ५ पौंड वाढले. २०० पौंडांची डेडलिफ्ट करणाऱ्या तरुणाला ही वाढ अडीच टक्के. माझ्या ५० पौंडांना ती दहा टक्के! एवढी पगारवाढ मिळाली तर आपण पेढे वाटू. ती खांद्याकडून दर पंधरवड्याला कशी मागायची? यावर दोन उपाय. सव्वा पौंडाच्या चकत्यांची जोडी विकत घेऊन बॅगेत ठेवा. नाहीतर वजन तेच ठेवून आधी मोजणी वाढवा: तीन सेट, प्रत्येकी पाच वेळा, हळूहळू आठ वेळा जमलं की मगच वजन वाढवायचं आणि पुन्हा पाचावर यायचं.

तिसरं कारण माझ्या वहीत सापडलं. फेब्रुवारीत ५० पौंड तीनदा उचलले तरी हात थरथरत होते. ऑगस्टमध्ये तेच सात वेळा. म्हणजे मी अडले नव्हतेच, एकाच आकड्याकडे बघत बसले होते. पान उलटलं तर सप्टेंबर. आठवड्यातून दोनदा जायचं, तिथे एकदाच. गणपती, मग मंडळाचं नाटक, झोपायला रोज साडेबारा. तालमीला नेमाने गेले खरी, पण नाटकाच्या! तेव्हा प्रगती खुंटली म्हणण्याआधी आपली हजेरी आणि झोप तपासा.

आणि ताट तपासा. आपल्याकडे पोळी-भात भरपूर, प्रथिनं मात्र पातळ वरणापुरती. वजनं उचलणाऱ्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. कपभर दुधात ८ ग्रॅम, एका अंड्यात ६. एक दिवस मोजून बघा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

एवढा खटाटोप कशासाठी? तिशीनंतर काहीच केलं नाही, तर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर जास्तच. म्हणजे आहे तिथे टिकून राहणं हीसुद्धा कमाईच.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. गेल्या वर्षी जूनमध्ये साताऱ्याला आई देवघरापाशी खाली बसली, ती उठूच शकली नाही. कुठे मोडलं नव्हतं. मांड्यांत जोर नव्हता. शेजारच्या काकू येईपर्यंत दोन तास तशीच बसून. मी इथे न्यू जर्सीत गाढ झोपेत. माझी वजनं तिथून सुरू झाली.

या उन्हाळ्यात जाऊन तिला उठ-बस शिकवली. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीशी धरायचे, हाताचा आधार न घेता उभं राहायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी दोन झाल्या. आता दर रविवारी फोनवर आकडा सांगते. परवा कुरकुरली, "तीन आठवडे झाले, सहाचे सात होईनात गं."

मी विचारलं, "आणि देवघरापाशी?"

"तिथे काय? बसते, पूजा करते, उठते."

तेव्हा मंडळी, फराळ मनसोक्त खा, सोमवारी जिमला जा, आणि वहीत आकड्याशेजारी हेही लिहा, की घरात काय सोपं झालं. माझे पंचावन्न झाले की कळवीनच.

शुभ दीपावली!