रस्ता हवा, पण नदीचं खोरं मोडून नको



या पानावर आम्ही नेहमी बेणं, खतं आणि लागणीच्या तारखा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय रस्त्याचा आहे, पण तो उसापासून लांब नाही.

पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग शासनाने आखला. मोठा विरोध झाल्यावर २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. तेव्हापासून गावागावांत एकच चर्चा: रेषा इकडून जाणार की तिकडून? आमचं म्हणणं असं की रेषा कुणाच्याही बांधावरून जावो, खोरं सगळ्यांचं एकच आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या पट्ट्यातला वारसा म्हटला की खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आणि नदीकाठचे घाट आठवतात. ते तर जपायचेच. पण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरी धरण, राज्यभर ज्याला आपलं नाव मिळालं तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, शेअर गोळा करून उभ्या केलेल्या पाणीपुरवठा संस्था, गुऱ्हाळघरं, पाणंदी हादेखील वारसाच आहे. तो रोज वापरात असल्यामुळे कुणी त्याला वारसा म्हणत नाही, एवढंच.

आपल्या जुन्या माणसांनी पुराला वाट ठेवूनच वस्ती केली. नृसिंहवाडीला पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं, तेव्हा लोक स्नानाला गर्दी करतात. पाणी येणार आणि जाणार, हे धरूनच इथली रीत पडली. मात्र पाण्याला जायला वाट पाहिजे. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पुरामुळे बंद पडला, हे आपण पाहिलं आहे. अशा सपाट पूरपट्ट्यात आडवा उंच भराव टाकला तर त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आणि तुंबलेलं पाणी उसाला काय करतं ते शेतकी खात्याला पक्कं ठाऊक आहे. शेंडा पाण्याबाहेर असला तर ऊस काही दिवस तग धरतो. शेंडा बुडाला, पोंग्यात गाळ बसला, की वाढ संपली; कांडीवरचे डोळे फुटतात आणि उतारा पडतो. पाणी उतरल्यावरही निचरा झाला नाही तर जमीन क्षारपड होते. शिरोळ तालुक्यातल्या सभासदांना याबद्दल नव्याने सांगायला नको.

आता हिशेब करा. शंभर मीटर रुंदी धरली तर एका किलोमीटरला दहा हेक्टर, म्हणजे पंचवीस एकर जमीन जाते. एकरी चाळीस टन धरले तरी दरसाल एक हजार टन ऊस कमी झाला. शिवाय रस्ता शेतातून तिरका गेला की त्रिकोणी कोपरे उरतात, दाबनळी तुटते, आणि पलीकडच्या ज्यांची गुंठाभरही जमीन गेली नाही त्यांचं पाणी बंद होतं. त्यांना मोबदला कोण देणार?

काही सभासद म्हणतात, शेती परवडत नाही, चांगला भाव मिळाला तर देऊन टाकू. त्यांची अडचण खरी आहे. कर्ज आणि वाटण्या आम्हालाही दिसतात. जमीन ज्याची, निर्णय त्याचा. पण बंधारा, ओढा आणि पूरवाट एकट्याच्या सातबाऱ्यावर नाहीत, म्हणून त्यांचा निर्णय एकट्याने होऊ नये.

आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. ऊस ट्रकनेच गव्हाणीपर्यंत येतो. पण रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना आधी त्याचाच पुरेपूर उपयोग व्हावा. नवा रस्ता नदीच्या खोऱ्यातून न्यायचाच असेल, तर पूरपट्ट्यात भरावाऐवजी खांबांवरून न्यावा आणि पुराचा अभ्यास मराठीत छापून ग्रामसभेपुढे ठेवावा.

आपणही एक काम करावं. प्रत्येक गावाने आपली देवळं, घाट, जुन्या विहिरी, बंधारे, जॅकवेल, दाबनळ्या, चर आणि पाणंदी यांची गट नंबरवार यादी करून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावी. मोजणीवाला येईल तेव्हा त्याच्या नकाशावर फक्त गट नंबर असतील. त्या गटांत काय काय आहे, हे आपल्या कागदावर असलं पाहिजे. नोटीस आली तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

कळावे,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग