काउंटमध्ये त्यालाही धरा

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईतल्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचे बेत शिजू लागतात. डेहराडूनची तिकिटं, भाड्याची जाड जॅकेटं, बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक, पोटऱ्यांना बांधायचे गेटर अशा याद्या होतात. डिसेंबर-जानेवारीत पायथ्याच्या सांक्री गावाच्या छोट्याशा बाजारात उभं राहिलं की मराठी हटकून कानावर पडतं. तुमच्यापैकी बरेच जण या हिवाळ्यात तिथे असाल. तुमच्या यादीत नसलेला एक सोबती ट्रेकच्या पहिल्या तासाभरातच तुम्हाला येऊन मिळेल. त्याच्यासाठी मी हे लिहिते आहे.

सांक्री सोडून वाट झाडीत शिरली की मागे एक कुत्रा लागतो. काळाभोर, झुबकेदार शेपटीचा, मानेभोवती आयाळीसारखे दाट केस. तो कोणाचा, कुठला, हे आपण विचारत नाही, कारण सह्याद्रीत आपल्याला त्याची सवय असते. राजगडाला किंवा हरिश्चंद्रगडाला निघालं की पायथ्याच्या गावातलं एखादं कुत्रं पुढे होतं, वाट दाखवल्यासारखं चालतं, वर भाकरीचा तुकडा खातं आणि संध्याकाळी आपलं आपण घरी जातं. तीच सवय घेऊन आपण हिमालयात जातो. पण गडाचा फेरा एका दिवसाचा असतो. केदारकंठ्याला तीन-चार दिवस लागतात. आपण सांक्रीच्या साधारण साडेसहा हजार फुटांवरून साडेबारा हजार फुटांवर चढतो. वाटेवर गुडघाभर बर्फ असतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. तिथे त्या कुत्र्याला आपण काय करायला लावतो आहोत, याचा विचार आधी करायला हवा. मी तो केला नव्हता.

आमच्या ग्रुपने पहिल्याच विश्रांतीला त्याचं बारसं केलं आणि वाघ्या नाव ठेवलं. बिस्किटांचा अख्खा पुडा त्याच्यापुढे रिकामा झाला. जुडा का तालाब या तळ्याकाठच्या मुक्कामी आम्ही स्लीपिंग बॅगांमध्ये शिरलो आणि तो तंबूबाहेर अंगाचं मुटकुळं करून, नाकावर शेपूट ओढून झोपला. सकाळी तंबूची चेन उघडली तर त्याच्या पाठीवर बोटभर भुरभुरीत बर्फ साचलेला होता. तो वितळला नव्हता, म्हणजे केसांच्या आत ऊब टिकून होती. आम्ही कौतुकाने फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी तो मागे पडू लागला. दहा पावलं चालायचा, बसायचा, पंजा तोंडात धरायचा. मी पंजा उचलून पाहिला. बोटांमधल्या केसांना चिकटलेल्या बर्फाचे बोराएवढे गोळे झाले होते आणि त्यांनी बोटं फाकली होती. ओढून काढायला गेले तर केस उपटले जात होते आणि तो कळवळत होता. मग हातमोजे काढले आणि एकेक पंजा तळहातांत धरून बसले. चारही पंजे मोकळे व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात माझी बोटं बधिर झाली होती. त्याची सकाळपासून तशी होती.

तरीही तो शिखरापर्यंत आला. उतरताना वाटेतल्या एका कॅम्पवर दुसऱ्या ग्रुपचा स्वयंपाकाचा तंबू होता. तो तिथे थांबला आणि आम्ही पुढे निघालो. ‘त्याचं काय, तो इथलाच आहे,’ असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

सांक्रीत चहाच्या टपरीवर आम्ही फोटो पाहत बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “ये तो हमारा शेरू है. इसको कहाँ छोड़ा?”

त्याला घर होतं आणि नावही होतं. काकांच्या शेळ्या-मेंढ्यांचा वाडा रात्री तोच राखायचा आणि तीन रात्री वाडा विनाराखण होता. बिबट्याच्या मुलखात तीन रात्री म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला बोलून दाखवलं नाही. “आ जाएगा,” एवढंच म्हणाले आणि चहा संपवून वरच्या वाटेकडे बघत बसले. आठवड्याने मी फोन केला. शेरू चौथ्या दिवशी लंगडत घरी आला होता. एका पंजाची गादी फाटली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते आणि तुम्हीही पाळावी अशी कळकळीची विनंती आहे. जो कुत्रा तुमच्यासोबत वर आला, तो त्याच्या दारात परत पोचेपर्यंत तुमच्या ग्रुपचा माणूस आहे. एवढी जबाबदारी घ्यायची नसेल तर त्याला सोबत घेऊ नका.

सुरुवात पहिल्या बिस्किटापासून होते. आपल्या लेखी तो लाड असतो, कुत्र्याच्या लेखी आमंत्रण. गावाच्या हद्दीत त्याला खाऊ घालू नका. मागे येतोय असं दिसलं की तिथेच थांबा आणि गाइडला विचारा, “भैया, ये किसका कुत्ता है?” गावातल्या गाइडला बहुतेक वेळा ते माहीत असतं. घर जवळ असेल तर दहा मिनिटं मोडून त्याला परत पोचवा. मालक बांधून ठेवेल. दगड मारून हाकलू नका. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या ग्रुपमधल्या एखाद्या मुलाला चावू शकतो. त्याच्या गळ्यात खिळे असलेला रुंद लोखंडी पट्टा दिसला तर दया येऊन तो काढू नका. बिबट्या मानेवर झडप घालतो, म्हणून मेंढपाळ तो पट्टा घालतात. त्या पट्ट्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

एवढं करूनही तो आलाच, तर लीडरला सांगा आणि त्याच क्षणापासून त्याची काळजी घ्या. ती कशी घ्यायची, ते सांगते.

आधी खाणं. ट्रेकला जाताना आपण खिशात जे भरतो, त्यातलं बरंचसं कुत्र्याला विष आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. उलट्या, थरथर, हृदयाची धडधड, झटके इथपर्यंत मजल जाते. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं जास्त घातक. सुक्या मेव्यातले मनुके-बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, म्हणून फोडणीची भाजीही नको. पोळी, साधा भात, उकडलेलं अंडं द्या. थंडीत ऊब टिकवायला त्याला जास्त खाणं लागतं, तेव्हा किचनवाल्या भैयांना सांगून त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्तीच्या टाकून घ्या. पाणी कोमट द्या. तो बर्फ चाटतो म्हणून त्याची तहान भागते असं समजू नका. त्याने पाणी थोडं मिळतं आणि अंगातली ऊब मात्र खर्च होते.

मग पाय. दर विश्रांतीला आपण जशी पाण्याची बाटली काढतो, तसे त्याचे पंजे उचलून बघा. सकाळी निघताना गाद्यांना आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन चोळलं तर बर्फ कमी चिकटतो. गोळे झालेच तर तळहाताच्या उबेने सोडवा. ओढू नका, उकळतं पाणी ओतू नका. आपल्या मायक्रोस्पाइकचंही भान ठेवा. कुत्रा टाचेला चिकटून चालतो आणि आपण उतारावर तोल सावरायला एक पाऊल मागे टाकतो. ते लोखंडी दात त्याच्या पंजावर पडले तर त्याचं चालणं तिथेच संपतं. त्याला पुढे घ्या किंवा बाजूने चालू द्या.

आणि थंडी. कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं आणि ते टिकवायला दाट केस कामी येतात, पण केस कोरडे असतील तरच. ओढ्यात भिजला तर आधी पुसून काढा. रात्री त्याच्याखाली जुनी मॅट नाहीतर रिकामं पोतं टाका, कारण खालची जमीन ऊब ओढून घेते. तो कुडकुडत असेल तर थांबा, आडोसा द्या, अंगाखाली-अंगावर काहीतरी घाला. कुडकुडणं थांबलं, पण तो मलूल झाला, अडखळू लागला, हाकेला मान वळवेना, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. शरीर हरत चालल्याची ती खूण आहे. त्या वेळी ग्रुपमधल्या दोघांनी त्याला घेऊन खाली उतरायचं. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असतं.

हे झालं कुत्र्याचं. आपण ज्या जंगलातून चालतो, त्याचंही आपण देणं लागतो. केदारकंठ्याची वाट गोविंद पशुविहार अभयारण्यातून जाते. बिबट्या, अस्वल, कस्तुरीमृग, मोनाल यांचं ते घर आहे. हिवाळ्यात इथल्या जनावरांना खायला कमी मिळतं. अंगावर साठवलेल्या चरबीवर आणि जपून वापरलेल्या ताकदीवर ती वसंताची वाट बघतात. आपल्या सोबतच्या कुत्र्याने एखाद्या कस्तुरीमृगाचा खोल बर्फातून पाठलाग केला, तर हाती काही न लागताही त्या जनावराची अनेक दिवसांची पुंजी खर्च होते. आपण मात्र ‘बघ कसा धावतो’ म्हणून मोबाइल काढतो. म्हणून खिशात दोन-तीन मीटर दोरी ठेवा. बर्फात ताजे ठसे दिसले, पक्षी भर्रकन उडाले, की त्याला दोरीला लावा.

कुत्र्यांकडून जंगलात जाणारा डिस्टेंपरचा आजार तर याहून वाईट. 2018 मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत 20 हून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींमध्ये याच आजाराचा विषाणू सापडला होता. आपण बिस्किटं दाखवून कुत्र्यांना वरच्या कॅम्पवर नेतो. सीझन संपतो, तंबू उठतात, बिस्किटं थांबतात आणि काही कुत्रे वरच राहतात. भुकेले कुत्रे टोळी करतात आणि टोळी शिकार करते. लडाख आणि स्पितीत अशा टोळ्या मेंढ्यांवर आणि रानटी जनावरांवर तुटून पडतात, तिथले मेंढपाळ त्यांना वैतागले आहेत. ही वेळ सांक्रीच्या खोऱ्यावर आपल्यामुळे येऊ नये. कॅम्पवर खरकटं टाकू नका, उरलेलं खाली आणा.

सोबतचा कुत्रा चावला किंवा त्याच्या दातांनी ओरखडा जरी उठला, तरी लपवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. लीडरला सांगा, त्याच दिवशी खाली उतरा आणि रेबीजची लस घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर आजार टळतो. ‘गोड आहे हो, असं काही करणार नाही’ या बोलण्यावर जीव पणाला लावू नका.

काही जण विचारतात, आमचा घरचा कुत्रा न्यावा का? अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायला साधारणपणे मनाई असते, तेव्हा वनखात्याला विचारल्याशिवाय तिकिटं काढू नका. जिथे परवानगी आहे, अशा बर्फाळ जंगलवाटांवर नेणार असाल तर आधी त्याच्या अंगावरचे केस बघा. हिमालयातल्या कुत्र्याच्या अंगावर दुहेरी केसांची घोंगडी असते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या बीगलच्या किंवा आखूड केसांच्या गावठी कुत्र्याच्या अंगावर ती नसते. त्याला अंगभर स्वेटर आणि पायात बूट लागतील, आणि ते बूट घालून चालायला घरीच दोन-तीन आठवडे शिकवावं लागेल. पहिल्या दिवशी तासाभराहून जास्त चालवू नका. गोठलेल्या तळ्यावर त्याला जाऊ देऊ नका. पिल्लू, म्हातारा आणि सांधे धरलेला कुत्रा घरीच बरा. तुमच्या हौसेपोटी त्याने थंडी सोसावी, हे योग्य नाही.

शिखरावर पोचलात आणि आकाश मोकळं असलं की पलीकडे स्वर्गारोहिणी दिसते. त्या खोऱ्यातले लोक सांगतात की पांडव स्वर्गाकडे गेले ते याच डोंगरावरून. महाभारतात त्या वाटेवर भाऊ आणि द्रौपदी एकेक करून पडतात आणि युधिष्ठिराच्या मागे शेवटपर्यंत एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो, याला सोड आणि चढ. युधिष्ठिर नाही म्हणतो. सोबत आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. लहानपणी ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मी ती त्या डोंगरासमोर उभी राहून ग्रुपला सांगितली होती, सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. शेरू तेव्हा माझ्या पायाशी बसून पंजा चाटत होता. त्याच दुपारी आम्ही त्याला परक्या तंबूपाशी सोडून आलो.

तुम्ही असं करू नका. सांक्रीत उतरलात की आधी त्याच्या घरी जा. त्याच्या मालकाला पंजे दाखवा, त्याने चार दिवसांत काय खाल्लं ते सांगा. त्याच्यासाठी काही करावंसं वाटलं तर बिस्किटांऐवजी त्याच्या लसीचे पैसे द्या.

दर मुक्कामाला लीडर ओरडतो, “काउंट द्या!” आणि आपण एक, दोन, तीन म्हणत जातो. एकही आकडा कमी आला तर कोणी जेवायला बसत नाही. सगळ्यात शेवटचा आकडा त्याच्यासाठी ठेवा. तो स्वतः बोलणार नाही, तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्या वतीने बोला. आणि तो आकडा आला नाही, तर टॉर्च घ्या आणि मागे वळा.