डोंगराला जायला कारण कशाला हवं?

आपल्या भागातली बाई डोंगर चढत नाही असं कोण म्हणेल? चैत्रात ती जोतिबाला जाते. श्रावणी सोमवारी सागरेश्वराला जाते. मच्छिंद्रगडावर पोराला कडेवर घेऊन चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घरोघरी गॅस येण्याआधी तर सरपणासाठी, वैरणीसाठी डोंगर रोजचाच पायाखालचा होता. डोईवर भारा घेऊन जी बाई उतारावरून झपाझप खाली येते, तिला ट्रेकिंग शिकवायला कुणा शिबिराची गरज नाही.

पण नुसतं फिरायला म्हणून ती डोंगरावर कधी जात नाही. नवस हवा, सरपण हवं, नाहीतर पोरांची सहल हवी. पुरुषांचं तसं नाही. रविवारी सकाळी चौघं मित्र मोटारसायकली काढतात. कुठं निघालात म्हटलं तर "जरा फिरून येतो" एवढं उत्तर पुरतं. हेच उत्तर बाईनं देऊन बघावं!

मैत्रिणींनो, बचत गटाच्या निमित्तानं मी बऱ्याच घरांत जाते. इस्लामपूर (आता ईश्वरपूर) काही फार मोठं गाव नाही. सकाळी मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या बायका आता पुष्कळ दिसतात. डॉक्टरांनी शुगर सांगितली, गुडघे धरले, म्हणून चालायचं. इथंही कारण आलंच, फक्त देवाच्या जागी डॉक्टर! तर अशाच गप्पांतून निघालं की मागच्या कार्तिकात एका रविवारी सागरेश्वरला पायी फिरायला जाऊ. बावीस जणींनी नावं दिली. आदल्या रात्री फोन सुरू झाले. कुणाची नणंद येणार होती, कुणाच्या मुलाची परीक्षा. एक नवी सूनबाई मात्र खरं बोलली, "काकू, घरात काय सांगू?" आमच्यातल्या एक आत्या लगेच म्हणाल्या, "देवाला जातो म्हणून सांग की. देवळं हायतच तिथं." तेवढ्या एका वाक्यावर तिला परवानगी मिळाली. बावीसच्या अकरा झालो.

मी तिला नावं ठेवत नाही. आत्यांनाही नाही, त्यांनी वाट काढून दिली. पण शिकल्यासवरलेल्या सुनेला चार तास मोकळ्या हवेत जायला देव मध्ये घालावा लागतो, हे काही मला पटलं नाही.

ज्यांनी सागरेश्वर फक्त श्रावणातल्या गर्दीत पाहिलंय त्यांच्यासाठी जरा सांगते. ताकारीच्या पुढं, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, देवराष्ट्र्याजवळ हे अभयारण्य आहे. आपल्याकडून तासाभराच्या आत पोचता येतं. वाळवा, कडेगाव आणि पलूस, तिन्ही तालुक्यांच्या शिवेवरचा हा डोंगर. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्य म्हणून तसं लहानच. पण हे माणसांनी हातानं उभं केलेलं रान आहे. बारमाही पाणी नाही, माळ उघडाबोडका, अशा ठिकाणी धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून झाडं लागली, प्राणी आणून सोडले गेले आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. सांबर, चितळ, भेकर तिथं आहेत. पायथ्याशी महादेवाचं मोठं देऊळ आणि त्याच्याभोवती लहान लहान पन्नासेक देवळं. बहुतेक जण तिथूनच नारळ फोडून माघारी फिरतात. खरी गंमत त्याच्या वर आहे.

वर जायची वाट काही कठीण नाही. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या बाई साठीच्या, त्याही बसत-उठत आल्या. दोन्ही बाजूला बोरी-बाभळी, मध्ये मोकळं गवत. कार्तिकात ते पिवळं पडायला लागतं, वारा आला की सगळा उतार एका बाजूला कलतो. माथ्यावर पोचलं की खाली कृष्णा. उसाच्या हिरव्यागार पट्ट्यांतून, द्राक्षबागांच्या बाजूनं वळत वळत गेलेली. जिच्या पाण्यावर आपण वाढलो, ती नदी अशी अख्खी आमच्यातल्या निम्म्या जणींनी पहिल्यांदाच पाहिली. माहेर-सासर करताना एस.टी.च्या खिडकीतून पुलावरनं दिसते तेवढीच ओळख.

गवतातून जाताना त्या साठीच्या बाई सांगत होत्या, ही पवन्या, जनावर आवडीनं खातं. ही कुसळी, कोवळी असतानाच कापायची, नंतर तोंडाला टोचते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या डोंगरावर मजुरीनं गवत कापलंय. मध्येच थांबून हसत म्हणाल्या, "डोंगरावर रिकाम्या डोक्यानं आज पयल्यांदाच आले बघा." आम्हीही हसलो. मग पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता शंका. पहिली बिबट्याची. वाळवा-शिराळ्यात बिबट्या आता उसात राहतो. पहाटे धारेला जाणारी, उसाला पाणी पाजणारी बाई त्याची भीती रोजच वागवते. तेव्हा डोंगराचंच नाव कशाला घ्यायचं? दिवसाउजेडी, घोळक्यानं, बोलत चालावं, लहान मुलांना मागं-पुढं सोडू नये. चांदोलीचं वेगळं. ते २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. जिथं मुभा आहे तिथं तरी जाऊ या.

दुसरी शंका खरी आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. बाई सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. का, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. डोंगराच्या पायथ्याला कमान उभी राहते, त्यावर नावं येतात, सेल्फीसाठी जागा होते. पण कडीकोयंड्याचं, पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह कितीतरी ठिकाणी मिळत नाही. असलं तर कुलूप, किल्ली कुणाकडं ते माहीत नाही. उन्हात पाणी न पिता चढायचं म्हणजे चक्कर, नाहीतर लघवीची जळजळ घेऊनच घरी यायचं. माझं स्पष्ट मत आहे, पर्यटनाच्या पैशातला पहिला रुपया तिथं खर्च व्हावा.

आणि दुसरा रुपया वाटेवर. पण वाट सुधारायची म्हणजे तिच्यावर पेव्हिंग ब्लॉक बसवायचे नाहीत. पायवाट मातीचीच बरी, गुडघ्यालाही मऊ लागते. पावसाळ्यानंतर काट्या-झुडपं छाटावीत, वळणावर दगडाला चुन्याचा बाण काढावा, अवघड जागी चार पायऱ्या रचाव्यात. हे काम पायथ्याच्या गावातल्या बायकांच्या गटाला का देऊ नये? वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या आहेत. सरपणाचं जाणं-येणं कमी झालं तशा आमच्या बाजूच्या डोंगरावरच्या कितीतरी वाटा बुजत चालल्यात. रस्ता दाखवायला गावातलीच एखादी बाई मिळाली, तर तिला चार पैसे आणि आपल्याला धीर. (आणि गवत पेटवणाऱ्यांना आवरावं. जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं म्हणतात. त्यात होरपळणाऱ्या पाखरांच्या घरट्यांचं, कोवळ्या रोपांचं काय?)

वाटेवरून एक आठवलं. एमा गेटवूड नावाची अमेरिकन बाई. शेतावर राबणारी, अकरा मुलांची आई, नवऱ्याचा मार खाल्लेली आणि पुढं त्याच्यापासून फारकत घेतलेली. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुलांना फिरायला जाते एवढंच सांगून ती निघाली आणि डोंगररांगांतून जाणारी ३,००० किलोमीटरहून लांब पायवाट एकटीनं चालून गेली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. आधीच्या वर्षी ती वाट चुकून परत आली होती, तरी पुन्हा गेली. मला तिचं जास्त कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पेपरवाले भेटायला आले तेव्हा नुसतं गोड बोलली नाही. वाट किती वाईट ठेवली आहे हे तिनं रोखठोक सांगितलं. त्यानंतर त्या वाटेच्या देखभालीकडं लोकांचं लक्ष गेलं.

आपणही बोलू या. ग्रामसभेत महिलांच्या प्रश्नात हा विषय लिहून द्या, वनखात्याच्या कार्यालयात गटाच्या नावानं अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका. अर्जात 'महिलांच्या आरोग्यासाठी' असं घालायचं का, यावर आमच्यात वाद झाला. मी नको म्हटलं. 'महिलांना फिरता यावे म्हणून' असंच लिहिलं आहे.

पुढची फेरी येडेनिपाणीच्या मल्लिकार्जुनाची आहे, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. सकाळी सातला निघू, उन्हाच्या आत उतरू. साडी असली तरी चालेल, पण खाली बूट घाला, चपला घसरतात. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी आणि एक जुना कंगवा घ्या. साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं कंगव्यानं लवकर निघतात.