आवाजाच्या शर्यतीतील हौशी स्पर्धक

मोटारीत बसविलेली ध्वनियंत्रणा किती मोठा आवाज काढू शकते याच्या स्पर्धा अमेरिकेत १९८० च्या दशकापासून रीतसर भरत आल्या आहेत. मिरवणुकांतील स्पीकरच्या भिंतींनी कावलेल्या मराठी वाचकाच्या कपाळाला हे ऐकूनच आठी पडेल. परंतु येथे गाडी उभी असते, दारे-काचा बंद असतात, आवाज थोड्या सेकंदांपुरताच काढावयाचा असतो आणि समोरच्या काचेलगत लावलेला मापक तो डेसिबलमध्ये मोजतो. ज्याचा आकडा मोठा तो विजयी. संगीताचा या प्रकाराशी फारसा संबंध नाही. गाडीच्या पोकळीत जो खर्जातील स्वर सर्वाधिक घुमतो तेवढाच वाजविला जातो. युरोपातील एम्मा या संघटनेच्या नियमांनुसार मोटारींतील ध्वनियंत्रणांच्या स्पर्धा भारतातही झालेल्या आहेत. हा छंद शहाणपणाचा की खुळेपणाचा, हा वाद बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. पगारातून पैसे साठवून यंत्रणा उभारणारा कारागीर आणि घाऊक भावात माल मिळणारा दुकानदार यांना एका रांगेत उभे करणे न्याय्य आहे काय? आणि नसेल, तर दोघांच्या मधली रेघ कशाच्या आधारे ओढावयाची?

पैशाचा प्रश्न येथे इतका तीव्र का होतो, याचे उत्तर डेसिबलच्या गणितात आहे. यंत्रणेची विद्युत्शक्ती दुप्पट केली की आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो. १० डेसिबल वाढवावयाचे तर शक्ती दहापट हवी. म्हणजे १००० वॅटवरून ३ डेसिबल चढण्यास आणखी १००० वॅट लागतात, त्यापुढील ३ डेसिबलना आणखी २०००, आणि त्यापुढे ४०००. त्या प्रमाणात बॅटऱ्या, अल्टरनेटर आणि जाडजूड तारा आल्या. सर्वांनीच खर्च दुप्पट केला तर क्रमवारी होती तिथेच राहते, खिसे मात्र रिकामे होतात. वरच्या, निर्बंध सैल असलेल्या गटांत तर दारांत काँक्रीट ओतलेल्या आणि रस्त्यावर धावण्याच्या लायकीच्या न उरलेल्या गाड्या १८० डेसिबलपर्यंत पोहोचल्या आहेत. तिथे हौशी माणसाने प्रवेश शुल्क भरणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आहेर करून उपाशी परतणे होय.

यावर उपाय म्हणून प्रारंभीच्या नियमावल्यांनी अॅम्प्लिफायरच्या वॅटनुसार वर्ग पाडले. हेतू सरळ होता, परंतु वॅट म्हणजे कंपनीने जाहीर केलेले वॅट. स्पीकरचा विद्युत्रोध निम्मा केला की त्याच विद्युत्दाबावर शक्ती दुप्पट होते. चार ओहमवर एकूण ५० वॅट देणारे यंत्र अर्ध्या ओहमचा भार सोसू शकेल इतके दणकट बनविले, तर ते हिशेबाने ४०० वॅटच्या आसपास जाते. कागदावर मात्र ते ५० वॅटचेच राहते. ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए हा अॅम्प्लिफायर याच जातीचा, प्रत्येक चॅनेलला २५ वॅट असा नम्र आकडा मिरविणारा. अशा यंत्रांना त्या वर्तुळात उघडउघड ‘चीटर’ म्हणत आणि ती बिनदिक्कत विकली जात. लबाडी म्हणावी तर नियम कोणीच मोडलेला नव्हता. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलननीतीच्या संदर्भात दाखवून दिले होते की एखाद्या आकड्यावर नियंत्रण बसविताच त्या आकड्याचे पूर्वीचे वर्तन टिकत नाही. मोटारींच्या तळावर त्याचा प्रत्यय यायला मध्यवर्ती बँकेची गरज लागली नाही.

पुढे स्पीकरच्या संख्येवर वर्ग ठरू लागले, तेव्हा स्पीकर मोठे झाले. १८ इंची एक स्पीकर क्षेत्रफळाने १२ इंची सव्वादोन स्पीकरांइतका भरतो. क्षेत्रफळ मोजू म्हटले तर शंकूची मागेपुढे होण्याची खोली वाढविता येते. ही मालिका संपणारी नाही.

दुसरा मार्ग यंत्राऐवजी माणसाला तपासण्याचा. धंद्याशी संबंध नाही तो हौशी, अशी ही व्याख्या. तिचा इतिहास आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद १९६२ पर्यंत पाळला जात होता, पण डब्ल्यू. जी. ग्रेस हे हौशी म्हणून मिरवत असताना खर्चाच्या नावाखाली व्यावसायिकांहून अधिक कमाई करीत. आवाजाच्या स्पर्धांतही दुकानदाराचा मेहुणा ‘हौशी’ ठरतो आणि त्याच दुकानात तारा जोडणारा गरीब नोकर मात्र ‘व्यावसायिक’ गणला जातो. ही वर्गवारी चुकीच्या माणसाला शिक्षा करते.

पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींत आदत, दुसा, चौसा असे गट बैलाच्या दातांवरून पडतात. दात मालकाच्या सोयीने उगवत नाहीत, म्हणून ती कसोटी टिकते. यंत्राला दात नसतात; पण त्याला किंमत असते, आणि किंमत प्रामाणिक राखण्याची युक्ती घोड्यांच्या शर्यतींतून जुनीच आहे. ‘क्लेमिंग’ शर्यतीत उतरलेला घोडा जाहीर किमतीस मागण्याचा हक्क इतरांना असतो, त्यामुळे महागडा घोडा स्वस्तांच्या शर्यतीत उतरविणारा स्वतःच बुडतो. अमेरिकेतील मातीच्या धावपट्ट्यांवरील मोटारशर्यतींत हाच नियम इंजिनांना लावला गेला. हौशी वर्गासाठी तोच लावावा. विजेत्याचे अॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठरलेल्या रकमेस विकत मागण्याचा अधिकार त्याच वर्गातील पराभूत स्पर्धकांना द्यावा. नकार देणाऱ्याने विजेतेपद सोडून वरच्या वर्गात जावे. स्पीकरचा लाकडी खोका मात्र या हक्कातून वगळलेला बरा. त्याचे माप गाडीच्या पोकळीशी जुळविणे हेच हौशी माणसाचे खरे कसब, आणि मर्यादा घालावयाची ती पैशाला, कसबाला नव्हे.

आक्षेप येतीलच. एखादा धनिक केवळ आकसाने दुसऱ्याची यंत्रणा उचलून नेईल, हा त्यांतला वजनदार. म्हणून मागणी करणाऱ्याने त्या दिवशी स्वतः स्पर्धेत भाग घेतलेला असावा आणि एका हंगामात एकदाच हा हक्क बजावावा. बक्षिसे पुरविणाऱ्या कंपन्यांनाही हे रुचणार नाही. त्यांचा नवा, महाग माल वरच्या वर्गात झळकण्यास कोणाचीच आडकाठी नाही. राहता राहिली रक्कम. वापरलेल्या सामानाचे भाव उतरत असतात, तेव्हा ती दर हंगामापूर्वी नव्याने ठरवावी लागेल. ते काम संघटनेच्या कार्यालयाने किंवा पुरस्कर्त्यांनी न करता त्या वर्गातील स्पर्धकांनीच मतदानाने करावे.