ते बूट शेतकरणीचे नव्हेत

संपादक महोदय,

व्हॅन गॉगच्या ‘बूट’ या चित्रावरील गेल्या अंकातील लेखात ते जोडे शेतकरणीचे असल्याचे ठामपणे म्हटले आहे. चित्रात असे काहीही नाही. ती शेतकरीण हायडेगर या तत्त्वज्ञाच्या कलाविषयक निबंधातली. चित्र १८८६चे, पॅरिसमधले. न्यूनन या डच खेड्यातली शेते व्हॅन गॉगने तोवर सोडली होती. कला-इतिहासकार मायर शपिरो यांनी हायडेगरना पत्राने विचारून नेमके चित्र कोणते याची खातरजमा केली आणि १९६८मध्ये लिहिले, की हे बूट शहरात राहणाऱ्या खुद्द चित्रकाराचे. व्हॅन गॉगच्या एका सहविद्यार्थ्याच्या आठवणीप्रमाणे तर जुन्या बाजारातून आणलेले बूट त्याने पावसात चालून मुद्दाम चिखलाने माखले होते. त्या बुटांत कष्ट दिसतात, हे मान्य. पण ज्याचे कष्ट त्याच्याच नावावर राहू द्यावेत.

आधीच्या चित्रकारांनी पादत्राणांकडे पाहिलेच नाही, हे त्या लेखातले विधानही चूक. यान व्हान आयकच्या १४३४च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात काढून ठेवलेल्या लाकडी खडावा अगदी समोर आहेत.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक